चुकीला अर्धा गुण कापावा का?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर शिक्षकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवता. निबंधात शुद्धलेखनाच्या दर चुकीला अर्धा गुण कापणार, असं तुम्ही वर्गाला सुरुवातीलाच सांगून टाकलं. पहिल्या सत्राच्या परीक्षेत अर्धा वर्ग दहापैकी तीनच्या खाली आला. मुख्याध्यापक म्हणतात, निकाल बिघडतो, चुका पाहूच नका. एका मुलाचे वडील, ज्यांचा थोरला पोलीस भरतीची तयारी करतो, ते म्हणतात, कापा मॅडम, आणखी कापा, त्याशिवाय सुधरत नाहीत हे पोट्टे. आणि तुमच्या जिवाला लागलंय ते वेगळंच. कापूस वेचणीवर वर्गात सगळ्यात जिवंत लिहिणाऱ्या पोराला अडीच गुण पडले आणि गाइडमधला ऋतूंवरचा निबंध पाठ करून उतरवणारीला आठ.

माझं मत आधीच सांगतो. इतके गुण कापू नका. पण मुख्याध्यापक म्हणतात तसं दुर्लक्षही करू नका. चूक दाखवताना कडक राहा, गुण कापताना हात आखडता घ्या. ही दोन कामं वेगळी आहेत आणि आपण शिक्षक मंडळी ती हमखास एकत्र करतो. मी यवतमाळ जिल्ह्यातच हायस्कूलला बरीच वर्षं मराठी शिकवतो, दहावीचे पेपरही तपासले आहेत. खाली जे सांगतोय ते त्या अनुभवातून. तुमच्या वर्गाला त्यातलं काय लागू पडेल हे तुम्हालाच पाहावं लागेल, कारण बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत. इयत्ता कोणती, मुलांच्या घरी कोणती बोली किंवा भाषा, लेखन कशासाठी करून घेतलंय, आणि तो नियम तुम्ही शिकवलाय की नुसता अपेक्षित धरलाय, या चारही गोष्टींनी उत्तर बदलतं.

तुम्ही त्या मुलाचा एक परिच्छेद जसाच्या तसा लिहून पाठवलात, हे फार बरं केलंत. तोच समोर ठेवू :

‘आमच्या वावरात कापुस फुटला होता. आभाळ आल मनुन आइ म्हने आजच वेचा लागते नाहितर पान्यान सारा भिजन. मी शाळेत नाही गेलो. बोंडाचे टोक बोटाले टोचते मनुन आइने मले चिंधि बांधुन देली.’

‘वेचा लागते’ सोडून दिलं तरी लाल पेनाच्या पंधरा खुणा होतात. अर्ध्या गुणानं साडेसात गुण याच चार ओळींत गेले. म्हणजे पुढच्या पानावर तुम्ही बहुतेक डोळे मिटून घेतले असणार, नाहीतर त्याला शून्याच्याही खाली जावं लागलं असतं. दर चुकीला गुण कापण्याची पद्धत इथेच मोडते. कोणताही शिक्षक ती शेवटपर्यंत इमानानं पाळत नाही. पहिल्या पाच वह्यांना काटेकोर, विसाव्या वहीला थकलेला, आणि आवडत्या पोराला थोडी सूट. मुलांना हे लगेच कळतं.

आता त्या पंधरा खुणांची वर्गवारी करून पाहा. ‘कापुस’, ‘बांधुन’ आणि दोनदा आलेलं ‘मनुन’ या चारही ठिकाणी एकच नियम चुकलाय. शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ : कापूस, बांधून, म्हणून. ‘आइ’, ‘आइने’, ‘नाहितर’, ‘चिंधि’ या चार ठिकाणी दुसरा एक नियम, शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ. म्हणजे पंधरापैकी आठ खुणा दोन नियमांच्या. मग ‘म्हने’ आणि ‘पान्यान’, हा ण आणि न यांचा घोळ. ‘आल’वर अनुस्वार नाही, ही एक. उरले ‘भिजन’, ‘बोटाले’, ‘मले’, ‘देली’. या चुका नाहीतच, ही त्याच्या घरची वऱ्हाडी आहे.

म्हणजे ज्या मुलाला आपण पंधरा चुका करणारा म्हणतोय, त्याला प्रत्यक्षात दोन नियम, एक अक्षर आणि एक अनुस्वार शिकवायचाय. पंधरा खुणा पाहून पोरगं वही मिटतं. दोन नियम म्हटलं तर पुढच्या महिन्यात जमण्यासारखं आहे. आणि गुण कापून तर त्याला यातलं काहीच कळलेलं नाही. त्याला एवढंच कळलं की कापसाबद्दल लिहिलं की अडीच मिळतात.

पोरं या चुका का करतात, हे लक्षात घेतल्याशिवाय दंडाचा विचार करण्यात अर्थ नाही. आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, म्हणून आपण मुलाला ‘ऐक आणि लिही’ असं शिकवतो. शब्दाच्या शेवटच्या वेलांटीत मात्र कान काहीच मदत करत नाही. ‘नदी’ म्हणताना शेवटचा इकार लांब की आखूड, हे कोणालाच वेगळं ऐकू येत नाही, कारण मराठीत त्यानं अर्थ बदलत नाही. तिथे नियम पाठच करावा लागतो, आणि तो सोपा आहे : शेवटी नेहमी दीर्घ. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ असे मोजके अपवाद. शब्दाच्या मधल्या जागेचं उलट आहे. तिथे कान चांगली साथ देतो, पण आपण तो वापरायला शिकवत नाही. ‘तूर’ म्हणा आणि मग ‘तुरीला’ म्हणा. ‘विहीर’ म्हणा, मग ‘विहिरीत’. ‘दूध’, ‘दुधात’. फरक स्पष्ट ऐकू येतो. मुलाला मोठ्यानं म्हणायला लावलं की तो स्वतःच सांगतो, ‘सर, पहिल्यात लांब आहे.’

ण आणि ळ यांची गोष्ट आणखी वेगळी. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात ‘पानी’, ‘लोनी’ असंच बोललं जातं, ‘काळा’चं ‘काया’ आणि ‘डोळा’चं ‘डोया’ होतं. तिकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या झाडीबोलीतही ण नाही, आणि ळ च्या जागी र ऐकू येतो. या मुलाला कान लावून लिही म्हटलं तर तो ‘पानी’च लिहिणार, आणि त्याच्या कानाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पुण्याच्या मुलाला जी गोष्ट घरातून आयती मिळते ती याला शाळेत शिकावी लागते. दोघांनाही एकाच अर्ध्या गुणानं मोजलं तर आपण लेखन मोजत नाही, घर मोजतो. पांढरकवडा, घाटंजी, झरीकडची कोलामी बोलणारी लेकरं, पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवरची बंजारा बोलणारी, मेळघाटातली कोरकू, यांच्यासाठी तर मराठी हीच मुळात शाळेची भाषा आहे. त्यांच्याकडून आठवीत पूर्ण वाक्यात सलग एक पान मराठी आलं, तर मी त्या वेळी वेलांट्या मोजत नाही.

त्यात हिंदीची भर. पाचवीपासून आपल्या मुलांना हिंदी आहे. हिंदीच्या तासाला पुस्तकात ‘शांति’, ‘कवि’, ‘गुरु’ छापलेलं, आणि तिथे ते बरोबर. पुढच्या तासाला मराठीत तेच शब्द ‘शांती’, ‘कवी’, ‘गुरू’. मराठीतही समास झाला की परत ऱ्हस्व : कविसंमेलन, गुरुदक्षिणा, शांतिनिकेतन. तालुक्याच्या गावी बसमधून उतरलं की पोराला एका पाटीवर ‘कृषि केंद्र’ दिसतं, शेजारच्या पाटीवर ‘कृषी केंद्र’, आणि दोन्ही दुकानांत तेच ‘किटकनाशक’ मिळतं, ज्यातला ‘की’ दीर्घ हवा होता. शाळेतला व्हॉट्सॲपचा ग्रुप उघडून पाहा, आपल्याच सूचनांमध्ये ‘आणी’ आणि ‘उपस्थीत’ सापडेल. (तुमच्या नसतील, पण कोणाच्या तरी असतात.) मुलं जे सतत पाहतात तेच हातातून उतरतं.

नियमही काही दगडावर कोरलेले नाहीत. आजचे लेखननियम मराठी साहित्य महामंडळाचे. त्यातले १४ शासनानं १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले, असे १८. त्याआधी ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असंच लिहिलं जायचं. घरात आजोबांच्या काळचं खरेदीखत असेल तर काढून पाहा, आजच्या हिशेबानं त्यात ओळीओळीला चुका निघतील, आणि तरी त्या कागदावर शेतीची मालकी ठरलेली आहे. नियम नकोत असं मी यावरून सुचवत नाही. सगळ्यांनी एकसारखं लिहावं यासाठी ठरवलेली ती व्यवस्था आहे, आणि व्यवस्था शिकवून घ्यावी लागते. ज्याला ती अजून माहीतच नाही त्याला दंड करून ती येत नाही.

दंडानं नेमकं काय होतं ते वह्यांमध्ये पाहायला मिळतं. पोरगं जो शब्द खात्रीनं लिहिता येतो तेवढेच शब्द वापरू लागतं. वाक्यं आखडतात. ‘म्हणून’ चुकतं हे कळलं की ‘म्हणून’च गायब होतं, आणि त्याच्याबरोबर कारण सांगणारी सगळी वाक्यंही जातात. ‘पाऊस आला. आम्ही घरी गेलो. पाऊस थांबला.’ चूक एक नाही, आणि सांगण्यासारखंही काही नाही. पुढची पायरी म्हणजे गाइड. तिथलं पाठ केलेलं लिहिलं की चूक होत नाही. तुमच्या वर्गातल्या त्या मुलीला आठ गुण मिळाले ते असे. ती मुलगी लबाड नाही, तुमचा नियम काय मागतो हे तिनं बरोबर ओळखलं. तिला बोलावून तिच्या घरच्या एखाद्या गोष्टीवर पाच ओळी लिहायला सांगा. माझा अंदाज, त्यात तिच्याही तेवढ्याच खुणा निघतील.

‘चुकलेला शब्द दहा वेळा लिही’ ही शिक्षा अजून बऱ्याच शाळांत चालते. ती देऊन झाल्यावर पोराच्या शेजारी उभं राहून पाहा. ते दहा वेळा शब्द लिहीत नाही. आधी खालपर्यंत दहा ‘म्ह’ काढतं, मग दहा ‘णू’, मग दहा ‘न’. रकाना भरतो, शब्द एकदाही लिहिला जात नाही.

इथवरचं आवरतं घेतो. चुका दिसतात खूप, पण त्यांच्या मुळाशी नियम थोडे असतात. काही चुका बोलीच्या असतात, त्या चुका म्हणून धरायच्याच नाहीत. आणि गुण कापल्यानं मुलं शुद्ध लिहीत नाहीत, कमी लिहितात. आता मी काय करतो ते सांगतो.

निबंधाची वही पहिल्यांदा पेन हातात न घेता वाचायची. ऐकायला फार सोपं वाटतं, करायला अवघड आहे, कारण आपला हात आपोआप वेलांटीकडे जातो. पण पेन हातात असताना आपल्याला बोटाला बांधलेली चिंधी दिसत नाही, ‘चिंधि’ दिसते. आशयाचे आणि मांडणीचे गुण पेन्सिलनं कोपऱ्यात टाकून ठेवायचे. मग दुसऱ्यांदा लेखननियमांसाठी वाचायचं. दहाच्या निबंधात आठवीपर्यंत मी लेखननियमांना एकच गुण ठेवतो, नववी-दहावीला दोन. सगळ्या चुका मिळून जाणार तेवढाच एक किंवा दोन गुण. आशयाचे गुण त्यानं हलत नाहीत.

हे फार सैल वाटत असेल तर बोर्डाकडे पाहा. दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत, आणि लेखननियमांनुसार लेखनाचा वेगळा प्रश्न भाषाभ्यासात २ गुणांचा. बोर्डानंसुद्धा ही गोष्ट बाजूला काढून तिला ठरावीक वजन दिलंय. दर चुकीला अर्धा गुण असं केलं तर विदर्भातल्या कितीतरी शाळांचे निकाल वेगळेच दिसले असते.

तो एक गुणही मी सरसकट सगळ्या चुकांसाठी कापत नाही. जो नियम शिकवून झालाय, त्याच्याच चुकीसाठी कापतो. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये एकच नियम, शेवटचा इकार-उकार दीर्घ. तो वर्गात मोठ्या अक्षरांत लावलेला असतो. त्या काळात ‘होति’ लिहिलं तर धरायचं, ‘कापुस’ लिहिलं तर नुसती खूण करायची, गुण नाही. ऑगस्टच्या शेवटापासून तूर-तुरीला. दसऱ्यानंतर वेचणी सुरू होते, अर्धा वर्ग वावरात असतो, तेव्हा नवीन काही काढायचं नाही, उजळणी करायची. ज्याची हजेरीच नाही त्याला न शिकलेल्या नियमासाठी दंड कसा करणार? दिवाळीनंतर ण आणि न, संक्रांतीच्या आसपास अनुस्वार, आणि वर्ग तयार असेल तर शेवटी समास. तुमच्या आठवीला वर्षभरात एवढे चार-पाच नियम पक्के झाले तरी माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त लाल खुणा जातात. अठराच्या अठरा नियम एकदम फळ्यावर लिहून देणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात एकही नियम टिकत नाही.

चूक दुरुस्त करून देऊ नका, मॅडम. सगळ्यात जास्त फरक यानं पडला, माझ्या वर्गापुरता तरी. ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीसमोर समासात फक्त एक टिंब द्यायचं. शोधायचं काम मुलाचं. चूक सापडून ती नीट केली आणि नियम तोंडी सांगितला की गेलेला गुण परत. मग पोरं वही मिळाल्यावर गुण पाहून बंद करत नाहीत, शेजाऱ्याला घेऊन टिंबांच्या मागे लागतात. ‘इथं काय आहे रे, मले तं बरोबर दिसून राह्यलं.’ या शोधाशोधीत जे शिकणं होतं ते माझ्या लाल दुरुस्तीनं कधी होत नव्हतं. तीसपस्तीस वह्यांना टिंबं द्यायला वेळही कमी लागतो, हा माझा स्वार्थ.

शब्दांच्या याद्या पुस्तकातून घेऊ नका, गावातून घ्या. तूर, तुरीचं. मूग, मुगाला. ऊस, उसाचा. गूळ, गुळाची. विहीर, विहिरीवर. ऊन, उन्हात. धूर, धुरानं. मग कापूस, कापसाला आणि पाऊस, पावसात, म्हणजे मधला ऊ कसा पार निघूनच जातो, हे मुलांना मजेचं वाटतं. त्याच तासात उलट बाजूचे शब्दही द्यायचे : गुण, विष, मंदिर, मधुर. हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, इथे कान चालत नाही, डोळ्यानंच लक्षात ठेवायचे. अशा शब्दांची छोटी यादी वहीच्या शेवटच्या पानावर. श्रुतलेखनही रोज पाच मिनिटांचं, आणि वाक्यं मुलांच्याच निबंधांतली, नाव न घेता. आपलं वाक्य सर वाचून राहिले हे ज्याचं त्याला कळतं आणि तो सगळ्यांत आधी पाटी वर करतो. (हो, श्रुतलेखनाला मी अजून पाटीच वापरतो. पुसता येते.)

बोलीचं काय करायचं, यावर शिक्षकांमध्ये भांडणं होतात. माझी रीत अशी. संवादात, आईच्या तोंडी, आजीच्या तोंडी वऱ्हाडी आली तर ती तशीच राहू द्यायची. पात्राच्या तोंडची भाषा जशी बोलली जाते तशी लिहिणं हे लेखनाला धरूनच आहे. निवेदनात ‘मले’ आलं तर बाजूला ‘मला’ लिहून द्यायचं, गुण कापायचा नाही, आणि सांगायचं की परीक्षेच्या कागदावर हे रूप, घरी ते. पोरं हा फरक पटकन पकडतात, कारण बस कंडक्टरशी एक आणि आजीशी एक, असं ती रोज बोलतातच. ‘तुझी भाषा अशुद्ध आहे’ हे मात्र कोणत्याही रागात म्हणू नका. ते वाक्य त्याच्या आईवर जातं.

आता त्या भरतीवाल्या वडिलांबद्दल. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, कारण त्यात तथ्य आहे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण आहे, तलाठी भरतीत मराठीचा स्वतंत्र भाग आहे, आणि आपल्या गावांतली बहुतेक पोरं याच परीक्षांच्या मागे लागतात. तिथे चार पर्यायांतून शुद्ध शब्द ओळखायचा असतो, आणि चुकला की कोणी त्याची बोली विचारत नाही. पण ती ओळखण्याची परीक्षा आहे. नियम माहीत असलेला मुलगा ती सोडवतो. आठवीत धाक बसलेला मुलगा ती सोडवेलच असं नाही. त्या वडिलांना हेच सांगा : तुमच्या धाकट्याला वर्षभरात पाच नियम तोंडपाठ आणि हातपाठ करून देते, त्याची परीक्षा घेऊन दाखवते. व्याकरणाची ती वेगळी चाचणी जरूर घ्या, आणि तिथे पूर्ण कडक राहा. वीस शब्दांत बारा चुकले तर आठच गुण, दयामाया नाही. तिथे शुद्धलेखनच तपासायचंय, त्यामुळे पूर्ण गुण त्याचेच. अर्जलेखन, सूचनाफलक, बातमी यांतही मी निबंधापेक्षा थोडा जास्त काटेकोर असतो. तो मजकूर दुसऱ्याच्या हाती जाणार असतो, आणि तहसीलमधला बाबू अर्ज बाजूला सारायला निमित्तच शोधत असतो.

एक भेद जरूर ठेवा. काही वेळा वेलांटीनं अर्थच बदलतो. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब, म्हणून ‘स्वातंत्र्य दीन’ वाचताना थबकायला होतं. ‘शिर’ म्हणजे डोकं, ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. अशा जोड्या मी वेगळ्या शिकवतो आणि त्यांना जास्त वजन देतो. विज्ञानाच्या शिक्षकांनाही हेच माप लावायला सांगावं. ‘प्रकाशसंश्लेषण’ लिहिताना एखादं अक्षर चुकलं म्हणून गुण कापू नये, मुलाला ती क्रिया समजली असेल तर उत्तर बरोबर. पण ‘सल्फेट’च्या जागी ‘सल्फाइड’ लिहिलं तर तो पदार्थच वेगळा झाला, तिथे कापावेच लागतील. इंग्रजीचं स्पेलिंग हा आणखी निराळा विषय. तिथे उच्चार आणि अक्षरं यांचा मेळच बसत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना आणखी सवलत द्यावी, असं मला वाटतं. पण त्यावर इंग्रजीच्या शिक्षकांनीच बोलावं.

मुख्याध्यापकांशी बोलताना निकालावरून वाद घालू नका. सर, चुका पाहणं मी सोडणार नाही, गुण कापायची पद्धत बदलते, असं सांगा. आठवीला आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर मुलाच्या प्रगतीच्या नोंदी ठेवणं, आहेच. नोंदीत ‘शुद्धलेखन सुधारणे आवश्यक’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘शब्दाच्या शेवटचा इकार आता बरोबर येतो, ण-न वर काम सुरू’ असं लिहा. एकाच मुलाची आत्ताची वही आणि मार्चमधली वही शेजारी शेजारी ठेवून दाखवा. त्यात लेखनाची लांबीही वाढलेली दिसेल, आणि निकालाची काळजी असलेल्या मुख्याध्यापकाला ते समजतं.

झालेल्या परीक्षेचे गुण बदलता येतील का, असंही तुम्ही विचारलंय. माझ्या मते बदलावेत, आणि सगळ्या वर्गाचे बदलावेत, एकट्या त्या मुलाचे नकोत. वर्गाला उघड सांगा की नियम बदलला. त्या मुलाला मी सात दिले असते. गाइडवालीला पाच, आणि तिला नव्यानं लिहायची संधी.

राहिली एक गोष्ट. वर्गात एखादं मूल असं असतं की ज्याच्या चुकांना कोणताच नियम लागत नाही. एकाच पानावर ‘घर’, ‘रघ’, ‘घार’. अक्षरं उलटसुलट, ओळ गाळलेली, आज शिकवलेलं उद्या कोरं. तोंडी विचारलं तर मात्र सगळं सांगतं. त्याला आळशी म्हणून सोडू नका, आणि गुण तर अजिबात कापू नका. विशिष्ट अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेली अक्षमता आहे, आणि बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जास्त वेळ आणि इतर सवलती मिळतात. त्यासाठी अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडून त्यासाठी मोठ्या शहराच्या चकरा होतात, एका भेटीत काम होत नाही, आणि मजुरी बुडते म्हणून पालक टाळतात. तुमच्या आठवीत असं कोणी दिसत असेल तर पालकांना आत्ताच बोलवा आणि ते काम नववीतच उरकून घ्या. दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी सुरू केलं तर कागद वेळेत पोचत नाहीत.